पिशवीतली सुरंगी

२० मार्च, रात्री

सकाळी सातलाच बेल वाजली. समोरच्या काकू तुतारी एक्सप्रेसने गावाहून आलेल्या. अजून स्वतःच्या घराचं कुलूपही उघडलं नव्हतं आणि आधी माझ्या दारात. कापडी पिशवीतून केळीच्या पानाची पुरचुंडी काढून हातात दिली, "कालच काढलीय, घे." पान उलगडायच्या आधीच कळलं. सुरंगी! आत कळ्यांचा वळेसर, म्हणजे गजरा.

हा वास कसा असतो हे ठाण्यात कुणाला सांगायचं म्हणजे पंचाईत. मोगऱ्यासारखा थंड नाही. मधाच्या जवळचा, पण त्यात उन्हाची धग आहे. आणि फूल वाळलं तरी जात नाही.

वेंगुर्ल्याकडे आमच्या घरामागे सुरंगीचं एक झाड होतं. फुलं शेंड्याला नाहीत, थेट जून फांद्यांना चिकटून यायची. शिमग्याच्या आसपास सगळं झाड मधमाश्यांनी घुमायचं. कळी उमलायच्या आत काढावी लागते, म्हणून उजाडता उजाडता झाडाखाली जुनी लुगडी अंथरायची आणि काका वर चढायचा. उमललेल्या फुलाला बाजारात कोण विचारतो? कळ्यांची टोपली ओटीवर आली की आजी केळीच्या सोपटाचा दोरा घेऊन बसायची. आम्ही पोरी नाक खुपसायला गेलो की हातावर चापट. "देवाक घालूची आसा, वास घेव नको गो!"

आज वास आला तेव्हा तिचा चेहरा काही डोळ्यांसमोर आला नाही. आली ती पाठ. वळेसर करताना वाकलेली, जरा डावीकडे झुकलेली. पहिला वळेसर देवाला, मग आत्याला, आईला, आम्हा पोरींना, शेजारणीला. तिच्या स्वतःच्या अंबाड्यात कधी काही नसायचं. आजोबा माझ्या जन्माआधीच गेलेले. लहानपणी मला ते खटकलंही नाही. म्हाताऱ्या बायका फुलं माळत नाहीत, एवढंच वाटायचं. आता लाज वाटते.

माझे केस मानेपर्यंत कापलेले, त्यामुळे वळेसर माळायचा कुठे हा प्रश्नच. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवला आणि दुपारी आत्याला फोन केला.

"खंय गावली गो तुका?" पहिला प्रश्न हाच. मग झाडाची चौकशी (झाड पाडून बारा वर्षं झाली, तिला माहीत आहे, तरी विचारते), मग गुडघे, मग तिच्या सुनेची तक्रार. सगळं झाल्यावर मी म्हटलं, "आजीच्या अंगाला हाच वास यायचा ना गं? झोपताना मी तिला बिलगायचे तेव्हा."

आत्या हसली. "अगो, अंगाला कसला? उशीखाली असायची. उरलेल्या चार-पाच कळ्या रुमालात बांधून ठेवायची रात्री. उजाडायच्या आत परसात टाकून यायची. मी एकदा पाहिलं, तर म्हणाली कोणाक सांगू नको."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ भाजी तशीच चिरायची राहिली.

म्हणजे पाच-सहा वर्षांची असल्यापासून जो मला 'आजीचा वास' वाटत आला, तो तिने लपवून ठेवलेला होता. आणि मी रोज त्याच उशीच्या कडेला डोकं ठेवून झोपत होते.

आता रात्री आणखी एक आठवतंय. तिच्या उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग असायचे. सुट्टीत धुणं आईकडे असायचं. आई तेवढाच भाग विहिरीवर साबण लावून घासायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, हळदीचे आहेत. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो. हे आईला माहीत नसेल?

उद्या विचारीन तिला. किंवा नकोच.