प्रेस टर्न, नोंद दुसरी: ‘नॉक्टर्न’ ते ‘मेटाफर’

हल्लीचे जेआरपीजी (जपानी रोल-प्लेइंग गेम) जुन्यांच्या तोडीचे आहेत का, हा वाद मोघम घातला की कुठेच पोचत नाही. म्हणून या नोंदवहीत एका वेळी एकच लढाईपद्धत घ्यायची असं ठरलंय. या खेपेला प्रेस टर्न: वार कसा लागतो त्यावर टर्नमधल्या चाली वाढवणारी-घटवणारी पद्धत. ‘शिन मेगामी तेन्सेई ३: नॉक्टर्न’ (२००३), ‘शिन मेगामी तेन्सेई ५’ (२०२१) आणि ‘मेटाफर: रीफँटाझिओ’ (२०२४). तिन्ही ॲटलस या कंपनीचेच, त्यामुळे घराण्याचा फरक मध्ये येत नाही.

आधी नियम, कारण अर्धे वाद नियम नीट माहीत नसल्याने होतात. ‘नॉक्टर्न’मध्ये पार्टीत चौघे असतील तर एका टर्नला ४ आयकॉन, म्हणजे चाली मोजणाऱ्या खुणा, मिळतात. साधा हल्ला १ आयकॉन खातो. कमजोरीवर बसला किंवा क्रिटिकल (एरवीपेक्षा जोराचा) लागला तर अर्धाच खर्च होतो, म्हणजे ४ आयकॉनांत जास्तीत जास्त ८ चाली. पास दिला तरी अर्धाच. नेम चुकला किंवा हल्ला निष्फळ ठरला तर २ जातात. शत्रूने शोषला किंवा परतवला तर उरलेले सगळे गेले. आणि हेच नियम शत्रूलाही लागू आहेत. नवे खेळाडू ८ चालींच्या मागे लागतात आणि शत्रूचे आयकॉन कसे जाळायचे हे विसरतात. खरा खेळ तिथे आहे.

‘नॉक्टर्न’मधला मॅटाडोर हा बॉस (मोठा शत्रू) याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. तो बराच लवकर समोर येतो आणि तोवर नुसत्या हाणामारीवर निभावलेल्यांचा खेळ तिथेच अडतो. त्याचा ‘रेड कपोते’ अचूकता आणि चपळाई थेट ४ पायऱ्या, म्हणजे कमाल मर्यादेपर्यंत चढवतो. त्यानंतर तुमचे २ वार हुकले की ४ आयकॉन संपले, टर्न गेला. लेव्हल वाढवून हे सुटत नाही. लढाईआधी एवढं करायचं:

नायकाला हिफुमी मागातामा (मागातामा म्हणजे नायकाचे गुण बदलणारी वस्तू) द्या. त्याने फोर्स या जातीचा हल्ला निष्फळ होतो. मॅटाडोरचा ‘माझान’ फोर्सचा आहे आणि सगळ्यांवर पडतो. एकावर जरी निष्फळ ठरला तरी त्याचे २ आयकॉन जातात. सोबत उझुमे किंवा नोझुची हा राक्षस साथीदार म्हणून ठेवा. फोर्सला कमजोर असलेला एकही राक्षस पार्टीत नको, कितीही लाडका असला तरी. नाहीतर मॅटाडोरलाच जास्तीच्या चाली मिळतात.

‘फॉग ब्रेथ’ अचूकता-चपळाई २ पायऱ्या उतरवतो, ‘सुकुंदा’ १. म्हणजे कपोतेनंतर फॉग ब्रेथ दोनदा टाकला की हिशोब शून्यावर. सुकुंदाने तेच करायला ४ वेळा लागतं. त्याने कपोते पुन्हा वापरला तर हेच सगळं पुन्हा करावं लागेल, तेवढा एमपी (कौशल्यांवर खर्च होणारी शक्ती) हातचा राखून ठेवा. त्याने ‘फोकस’ घेतला की पुढचा शारीरिक वार दुपटीहून जोरात येतो. तो टर्न हल्ल्याचा नाही, सगळ्यांचा एचपी (जीवनशक्ती) भरून घेण्याचा.

इथे चूक महाग पडते. नायक मेला की बाकी तिघे जिवंत असले तरी गेम ओव्हर, आणि परत मागच्या सेव्हपासून सुरुवात. म्हणूनच वरची तयारी करावीशी वाटते. लढाई जिंकली जाते ती मागातामा आणि फ्यूजनच्या (राक्षस एकत्र करून नवा घडवण्याच्या) मेनूत.

जुन्याचं सगळंच सोनं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. मूळ ‘नॉक्टर्न’मध्ये फ्यूजन करताना कोणती कौशल्यं वारशाने उतरणार हे नशिबावर होतं. हवी ती जोडी येईपर्यंत मागे जायचं, पुन्हा आत यायचं, पुन्हा बघायचं. त्यात कौशल्य शून्य, वेळ मात्र अफाट जायचा. २०२० च्या एचडी रीमास्टरमध्ये कौशल्यं स्वतः निवडता येतात आणि खेळ तसूभरही सोपा-सवंग झालेला नाही. तुलनेसाठी रीमास्टरच घ्या. फक्त ‘मर्सिफुल’ ही सोपी पातळी बंद ठेवा. जुन्यातल्या दोषांत सुपर फॅमिकॉम या कन्सोलवरच्या ‘फायनल फँटसी ६’चं (१९९४) उदाहरण तर प्रसिद्धच आहे. त्यात ‘इव्हेड’चा (शारीरिक वार चुकवण्याचा) आकडा चालतच नाही. शारीरिक हल्लेसुद्धा ‘मॅजिक ब्लॉक’वर (जादू चुकवण्याच्या आकड्यावर) तपासले जातात. इव्हेडसाठी जपून निवडलेली ढाल त्या बाबतीत कोरीच. पुढच्या आवृत्त्यांत हे दुरुस्त झालं.

‘शिन मेगामी तेन्सेई ५’बद्दल थोडक्यात. आयकॉनांचा गाभा तोच आहे. मागात्सुही गेज (लढताना भरत जाणारी पट्टी) भरला की एक टर्न सगळे वार क्रिटिकल, म्हणजे ८ चाली जवळपास हातात ठेवल्यासारख्या. खटकतं ते दुसरंच. दोन बाजूंच्या लेव्हलमधला फरक नुकसानीच्या हिशोबात धरला जातो. अचूक तयारी करूनही लेव्हल कमी असेल तर वार लागत नाही, तयारी ढिसाळ असूनही लेव्हल जास्त असेल तर निभतं. मॅटाडोरने शिकवलेला धडा इथे पातळ होतो.

‘मेटाफर’वर जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. इथे सिंथेसिस कौशल्यं आहेत: दोन पात्रांचे मिळून निदान २ आयकॉन जातात आणि बदल्यात मोठा वार मिळतो. कमजोरीवर चार छोटे वार करायचे की २ आयकॉन एका फटक्यात ओतायचे, हा प्रश्न ‘नॉक्टर्न’मध्ये नव्हताच. शिवाय पुढची-मागची रांग आहे. मागे गेल्यावर शारीरिक मार कमी बसतो, पण जवळून केलेला आपला वारही कमी पडतो. रांग बदलायला आयकॉन लागत नाही. हे विसरून बरेच जण अख्खी लढाई एकाच रांगेत काढतात. शत्रूचा मोठा वार येणार असं दिसलं की टर्न संपण्याआधी सगळ्यांना मागे घ्या, पुढच्या टर्नला पुन्हा पुढे. नियमांच्या पातळीवर ही पद्धत जुनीच्या तोडीची आहे, आमच्या मते सरसही.

मग उणं काय? लढाई चालू असताना ती सुरुवातीपासून पुन्हा मांडता येते. वार निष्फळ गेला, २ आयकॉन गेले, की बटण दाबा आणि पहिल्या चालीपासून सुरू. शत्रूची कमजोरी एव्हाना कळलेली असते. पहिला प्रयत्न ही फुकटची टेहळणी होऊन बसते. ‘नॉक्टर्न’मध्ये ‘ॲनालाइझ’ करायलाही (शत्रूची माहिती काढायलाही) एक चाल मोजावी लागायची आणि ती मोजावी का, हाच निर्णय होता. शिवाय मैदानात कमी लेव्हलचे शत्रू लढाई न होताच मारता येतात आणि बरोबरीच्यांना आधी गुंगवून पहिली चाल आपण घेतो. त्यामुळे शत्रूने आयकॉन वापरून आपल्याला घेरणं साध्या लढायांत क्वचितच अनुभवाला येतं. पद्धत तीच, पण तिचे दात बोथट केलेत. ही सोय ज्यांना हवी त्यांना जरूर असावी. मात्र ती बाजूला ठेवल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही.

म्हणून पुढच्या फेरीसाठी हे नियम धरले आहेत. ‘मेटाफर’ हार्डवर, लढाई पुन्हा मांडायची नाही, अंधारकोठडीत सेव्ह फक्त मॅग्ला हॉलो या सेव्हच्या जागी. ‘५’ची ‘व्हेंजन्स’ आवृत्ती घेणार असाल तर तिच्यात कुठेही सेव्ह करता येतं, ते टाळून फक्त लेलाइन फाउंट या सेव्हच्या ठरलेल्या जागीच करायचं. बॉसपेक्षा लेव्हल वर गेली तर ती लढत तुलनेत धरायची नाही. प्रत्येक हरलेल्या लढतीनंतर एकच गोष्ट लिहून ठेवायची: आयकॉन कुठे गेले? नेम चुकून, निष्फळ होऊन, की आपलीच कमजोरी उघडी राहून? तिन्ही गेममध्ये हा तक्ता एकाच मापाने भरता येतो.

पुढची जोडी ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ (१९८८) आणि तिचा २०२४ चा एचडी-२डी रीमेक. त्यात सोप्या पातळीवर पार्टी मरतच नाही, त्यामुळे ती पातळी बाद. दिशादर्शक खुणा बंद ठेवायच्या. नव्याने आलेला मॉन्स्टर रँग्लर (राक्षस गोळा करणारा पेशा) पार्टीत घ्यायचा नाही, कारण गोळा केलेले राक्षस वाढत गेले की त्याचा मार इतका चढतो की बाकी तिघे असून नसून सारखेच.