टोरोंटोच्या थंडीत कुंडीतलं संत्रं

टोरोंटोत जानेवारीत बाहेर उणे १५ असताना घरात संत्र्याचं झाड ठेवलंय म्हटलं की लोक हसतात, पण कुंडीत ते मस्त जगतं, फक्त बी पेरून वाट बघत बसू नका, बियांच्या झाडाला फळ धरायला पाच-सात वर्षं सहज जातात. नर्सरीतून सरळ कलम आणा, शक्यतो सात्सुमा. आपल्या नागपुरी संत्र्याचंच भावंड, पण बिनबियांचं, आणि परागीकरण नाही झालं तरी फळ धरतं, म्हणजे घरात मधमाशी नसली तरी अडत नाही! जमिनीतलं मोठं झाड उणे ५-६ सुद्धा सोसतं, पण कुंडीतल्या मुळांवर तो प्रयोग नको, रात्री ५ च्या खाली जायला लागलं की झाड आत.

खरी पंचाईत थंडीची नाहीच, हीटरची आहे. हवा इतकी कोरडी होते की पानांमागे लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) येतो, म्हणून अधूनमधून शॉवरखाली धरून पानं धुवायची. दक्षिणेची खिडकी हवी, हिवाळ्यात तीही पुरत नाही, वर १२ तास एलईडी ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा. पाणी बेतानं, वरची माती सुकल्यावरच.

फायदे? १०० ग्रॅम फळात साधारण २७ मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व, पण ते दुकानातल्या फळातही असतंच की. माझ्यासाठी खरा फायदा म्हणजे फुलांचा वास, आणि साल, औषध मारलेलं नसतं त्यामुळे बिनधास्त किसून बासुंदीत घालते.