सेलिगमन ते ओटमन : रूट ६६ वरचा एक दिवस

रूट ६६ हा अमेरिकेतला जुना हायवे करायचा तर शिकागोपासून कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकापर्यंत अख्खा करायचा असं बरेच जण म्हणतात, पण तेवढी सुट्टी कुठून आणणार, म्हणून मी आता ज्याला त्याला सांगत सुटलेय की ॲरिझोनातला सेलिगमन ते ओटमन एवढा तुकडा तरी कराच. आम्ही फिनिक्सहून निघून आदल्या रात्री सेलिगमनला मुक्काम केला. गाडीत आई-बाबा, नवरा आणि मी. बाबांनी जन्मभर एसटी चालवलीय, त्यामुळे रस्त्याबद्दलचे त्यांचे प्रश्न काही संपत नाहीत.

सेलिगमन म्हणजे एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि मागे रेल्वेलाइन, एवढंच. १९२६ मध्ये रूट ६६ ला नंबर मिळाला. तीसच्या दशकात धुळीच्या वादळांनी शेती गेली तेव्हा ओक्लाहोमाकडची कुटुंबंच्या कुटुंबं सामान गाडीवर बांधून याच रस्त्याने कॅलिफोर्नियाला गेली, पुढे फिरायला जाणारे लोक वाढले, आणि गावोगावी मोटेल, गॅरेज, खायची ठिकाणं उभी राहिली. मग बाजूने आय-४० हा नवा मोठा हायवे (इंटरस्टेट) झाला. २२ सप्टेंबर १९७८ ला सेलिगमनची वाहतूक तिकडे वळली आणि एका दिवसात गावातलं गिऱ्हाईक गेलं. १९८५ मध्ये तर रूट ६६ चा नंबरच सरकारी यादीतून काढून टाकला.

हा रस्ता आज आहे तो एंजल डेलगाडिओ या गावातल्या न्हाव्यामुळे. १९८७ साली त्यांनी गावातल्या लोकांना जमवून संस्था काढली, राज्य सरकारच्या मागे लागले आणि सेलिगमन ते किंगमन हा पट्टा ऐतिहासिक रस्ता म्हणून जाहीर करून घेतला, मग बाकीच्या राज्यांनीही तेच केलं. त्यांचं दुकान आता बरंचसं भेटवस्तूंचं झालंय, पण दाढी-कटिंगची खुर्ची अजून तिथेच आहे. मी बाबांना हे सगळं सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "सगळ्या गावाच्या बातम्या न्हाव्याकडेच येतात ना, मग चळवळ दुसरीकडून कुठून निघणार?" शेजारचं स्नो कॅप हे खायचं ठिकाण एंजल यांच्या भावाने, हुआन यांनी १९५३ मध्ये रेल्वेचं टाकाऊ लाकूड वापरून बांधलेलं. दाराला एक खोटी मूठ लावलीय, आई तीच फिरवत बसली आणि मग इतकी हसली की बास.

पुढचा रस्ता दोन पदरी, सरळ, वाहनं अगदी तुरळक. इंटरस्टेटने किंगमन लवकर येतं, इकडून साधारण १४० किलोमीटर पडतात, पण बाजूने मैल-मैलभर लांबीच्या मालगाड्या जातात आणि त्या बघण्यातच वेळ जातो. वाटेत पीच स्प्रिंग्ज लागतं, ते ह्वालापाई या इथल्या आदिवासी लोकांचं मुख्य गाव. रूट ६६ च्या कितीतरी आधीपासून हा मुलूख त्यांचा आहे, आणि पोस्टकार्डांवर मात्र फक्त जुन्या गाड्या आणि निऑनच्या पाट्या दिसतात, हे मला खटकतं. हॅकबेरीच्या जनरल स्टोअरला थंड काहीतरी प्यायलो, किंगमनला जेवलो, टाकी फुल केली.

खरी मजा किंगमननंतर. ब्लॅक माउंटन्स चढायला लागलो आणि बाबा सीटवर पुढे सरकून बसले. "अरे हा तर आपला आंबेनळी!" वळणावर वळण, रस्ता अरुंद, बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, चाळीस फुटांपेक्षा लांब गाड्यांना तर बंदीच आहे. सिटग्रीव्ह्ज पास ही खिंड साधारण ३,५५० फुटांवर आहे. जुन्या काळी फोर्डच्या मॉडेल टी मध्ये पेट्रोलची टाकी सीटखाली असायची आणि पंप नसायचा, पेट्रोल उतारानेच इंजिनात जायचं, त्यामुळे उभ्या चढावर नाक वर झालं की इंजिनला पेट्रोलच मिळायचं नाही. मग काही लोक घाट चक्क रिव्हर्समध्ये चढायचे! ज्यांची हिंमत होत नसे ते पैसे देऊन गाडी ओढून न्यायचे, नाहीतर तिथल्याच कुणालातरी चालवायला द्यायचे. बाबा म्हणाले, "बरोबरच आहे, रिव्हर्सला ताकदही जास्त असते." आणि मग अख्खा घाट ते नवऱ्याला गिअर सांगत होते, गाडी ऑटोमॅटिक असून.

घाट उतरलं की ओटमन. सोन्याच्या खाणीचं गाव. युद्धात, १९४२ मध्ये, सरकारने सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या, आणि दहा वर्षांत हायवेही घाट टाळून युक्का गावाकडून गेला, म्हणजे गावाचं पोट दोनदा मारलं. खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज आज भर रस्त्यात फिरतात, गाड्या थांबतात, ती हलत नाहीत. त्यांना काहीबाही खायला घालू नका प्लीज, पिल्लांना तर अजिबातच नको, आजारी पडतात. आईने एका गाढवाशी मराठीत बऱ्याच गप्पा मारल्या.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात इथलं ऊन सहन होत नाही. किंगमनला पेट्रोल भरून घ्या, घाट उजेड असताना करा. आणि सेलिगमनला नुसते फोटो काढून निघू नका, आइस्क्रीम खा, टोपी घ्या, जमलं तर रात्री राहा, त्या गावाची चूल अजूनही थांबणाऱ्या गाड्यांवरच पेटते.