निपाणीच्या शिवारातली कातरणी

निपाणीहून चिकोडीकडं जाताना, ऊस तुटून गेलेल्या रानात काळ्या-करड्या मेंढरांचा कळप दिसला आणि गाडी थांबवली. आमच्या भागात मेंढरांना सर्रास बकरीच म्हणतात. ‘रानात बकरी बसल्यात’ म्हटलं की समजायचं, जमिनीला खत मिळतंय आणि धनगराला त्याचे पैसे किंवा धान्य.

कातरणी चालू होती. पाय बांधलेली मेंढी आडवी पाडलेली, कातरीचा करकर आवाज आणि अंगावरून सोलल्यासारखी उतरणारी काळी लोकर. कळपाचे धनगर मामा माझ्याशी मराठीत बोलत, कातरणाऱ्याशी कानडीत. बसायला त्यांनी घोंगडं अंथरलं. कानडीत हीच कंबळी.

ही दख्खनी जात. लोकर राठ, एका मेंढीची वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो. मऊ स्वेटरला ती चालायची नाही, पण घोंगड्याला हीच लागते. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ते सगळ्यांत मऊ. लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, मग सणगर ते खड्ड्याच्या मागावर विणणार. चिंचोक्याच्या खळीनं घोंगडं असं ताठ होतं, की डोक्यावरून खोळ घेतली तर धनगर पावसात दिवसभर उभा राहतो. रंग द्यायची गरजच नाही, काळा रंग मेंढीचाच.

“लोकर कुणाला देता, मामा?”

“कुणाला देऊ? कातरायची मजुरीबी निघत न्हाई तिच्यातनं. पर कातराय तर लागतंयच, न्हाईतर अंगात गोचीड हुत्यात.”

बांधावर लोकरीचा ढीग तसाच पडला होता. तो बघून पोटात तुटलं. आता कमाई कोकरांची आणि खताची. म्हणून कळपात जतकडचा माडग्याळ जातीचा नर आलाय. उंच, वजनदार, पण लोकर नावालाच. पोराबाळांचं पोट त्यावर चालतं, मामांना दोष कसा देणार? पावसाळ्यात इथल्या चिखलात खुरं कुजतात, म्हणून हीच माणसं कळप घेऊन पूर्वेला अथणीकडच्या कोरड्या रानात जातात. तिथंही भुरभुर पावसात अंगावर घोंगडंच लागतं.

कातरलेली मेंढी सोडली की तिचं कोकरू आधी बावरायचं. ती ओरडली की जवळ येऊन वास घ्यायचं, मग गुडघे टेकून लुचायचं.

निघताना मी थोड्या लोकरीची किंमत विचारली. मामांनी पोतंभर भरली, तोंड बांधलं आणि गाडीत ठेवली. पैसे घ्यायला काही तयार होईनात. पोतं आता घरी आहे, विणून देणारा सणगर शोधतोय.