हो, मी मुंब्र्याला उतरते

"भीती नाही का वाटत तुम्हाला?"

गेली साडेतीन वर्षं ऐकतेय. शेजारणीने विचारलं, वाण्याने विचारलं, पुण्याचा भाऊ तर दर दिवाळीला विचारतो. गंमत म्हणजे प्रश्नात गावाचं नाव कधीच नसतं. "तिकडे" म्हणतात, तेही आवाज थोडा खाली आणून. दर शनिवारी दुपारी मी डोंबिवलीहून स्लो लोकल पकडते. कोपर, दिवा, की मुंब्रा, मुसलमानांची वस्ती जास्त असलेलं ठाण्याजवळचं गाव. घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षाला कधी कधी याहून जास्त वेळ लागतो. "तिकडे" एवढंच लांब आहे.

आजवर मी हसून विषय बदलत आले. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने पुन्हा विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरीनेच उत्तर दिलं, "आता सवय झालीय गं त्यांना." सवय! नाल्याच्या वासाची होते तशी. वाण घेऊन घरी आले आणि रात्रभर मनात उत्तरं देत बसले. तेव्हा तुम्ही विचारलंतच आहे, तर हे घ्या.

आधी एक कबूल करते. तुमचा प्रश्न मला नीट कळतो, कारण तो माझाच आहे. अठ्ठावीस वर्षं मी मुलुंडच्या शाळेत मराठी शिकवायला जात होते. तेवढी वर्षं मुंब्रा म्हणजे माझ्यासाठी खिडकीतून दिसणारा पारसिकचा डोंगर, त्यावरचं मुंब्रादेवीचं देऊळ आणि लेडीज डब्याच्या दाराशी उडणारी झकाझकी. "या मुंब्र्याच्या बायका ना" अशी आमच्या ग्रुपमध्ये वाक्यं सुरू व्हायची. गाडी मुंब्र्याला थांबली की आमचे कोपर आपसूक बाहेर यायचे. दारं आम्हीच अडवलेली असायची, फलाटावर त्या राहायच्या, आणि तरी घुसखोर कोण, तर त्या. वरच्या देवीला मात्र आमच्यातल्या कितीतरी जणी नवरात्रात पहाटे पायऱ्या चढून जायच्या. डोंगर आपला, पायथा त्यांचा.

आणखी एक. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी सोसायटीची सेक्रेटरी होते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. एका कुटुंबाचं सगळं ठरलं, मग आडनाव कळलं, आणि "मालकांचा विचार बदलला" हे कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते फोनवर अगदी शुद्ध मराठीत केलं. कुठल्याही ठरावात असा नियम लिहिलेला नव्हता. लिहावा लागतच नाही. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली माणसं बिऱ्हाडं उचलून मुंब्र्याला आली, तिथे जमेल तशा इमारती उभ्या राहिल्या, आणि आपण खिडकीतून बघून म्हणत राहिलो, "किती दाटीवाटीने राहतात ही माणसं!" ४ एप्रिल २०१३ला मुंब्र्याजवळच्या शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. स्टाफरूममध्ये आम्ही हळहळलो आणि मग कोणीतरी म्हणालं, "तिथे असंच असतं." कोणीतरी कशाला, मीच म्हणाले असेन.

मग मी तिथे गेले कशी? उदात्त कारण शोधू नका. २०२०मध्ये कायदा झाला, सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं, आणि ज्या घरांत मराठी बोलली जात नाही तिथे शिकवणीची गरज निघाली. जुन्या सहकारी बाईंनी विचारलं, मुंब्र्यातल्या कौशाला सातवीतली एक मुलगी आहे, शिकवाल का, फी चांगली देतायत. फी खरोखरच चांगली होती. मी जून २०२२मध्ये होकार दिला, आणि मग आठवडाभर झोप नाही.

त्या पहिल्या शनिवारी दिवा स्टेशन गेल्यावर मी मंगळसूत्र कुडत्याच्या आत ढकललं आणि ओढणी वर घेतली. मग कपाळावरची टिकली काढली. टाकायला जीव होईना, नवी होती. म्हणून मोबाईलच्या कव्हरला मागे चिकटवली. समोर बसलेली बुरख्यातली बाई माझ्याकडे बघत होती. की नव्हती, देव जाणे. मला वाटलं, बघतेय.

शेअर रिक्षात तिघींच्या मध्ये अवघडून बसले, उतरले, तीन मजले चढले. दार मुलीच्या आईने उघडलं. घरात शिरताच ओळखीचा वास: तांदळाच्या भाकरीचा. आतल्या खोलीत मुलीची दादी बसली होती, नव्वदीकडे झुकलेली. मला बघून म्हणाली, "ये बाय, बस वायच. पंखा लाव गो तिला." मी गुहागरच्या मावशीकडे आल्यासारखी दचकले. दादी दापोलीकडची. सुनेची आणि नातीची भाषा हिंदी-उर्दू. दादीची कोकणी घरात 'गावठी' म्हणून मागे पडलेली. मराठी शिकवायला बाहेरून बाई आणली होती आणि मराठी आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसलेली होती.

वही उघडली, ओळख झाली. वेळ बघून मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. मुलगी वाचत होती, अडखळत. 'ळ' तिच्या जिभेवर बसत नव्हता. चहा आला. दादी लांबून सगळं ऐकत होती. मग ती उठली, भिंतीला धरत टेबलापाशी आली, वाकली आणि म्हणाली, "बाय, तुझी टिकली इथे चिकटलीय बघ."

मला पहिल्यांदा काही सुचलंच नाही. तिने नखाने ती हलकेच सोडवली आणि बोटाच्या पेरावर घेऊन माझ्यासमोर धरली. मरून रंगाची, पापडाच्या चुऱ्याएवढी. मुलगी बारा वर्षांची होती, पण तिला कळलं. तिने मान खाली घातली आणि तीच ओळ पुन्हा वाचायला लागली, या वेळी न अडखळता. तिच्या आईलाही कळलं. ती ट्रे उचलून उगाचच आत गेली.

"लाव, लाव," दादी म्हणाली, "कपाळ मोकळं बरं नाय दिसत."

मी लावायला गेले. माझे हात ओले झाले होते, टिकलीचा गोंदही गेलेला. चिकटेना. दाबून धरली, सोडली, तर टपकन पुस्तकावर पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. आणि मग आतून मुलीची आई आली. चेहरा पडलेला, जणू पाहुणे आलेत आणि घरात साखर संपलीय. म्हणाली, "हमारे यहाँ तो होती नहीं, टीचर. सॉरी."

मी तिच्या घरात शिरण्याआधी तिच्याच भीतीने टिकली उतरवली होती आणि ती माझी माफी मागत होती, तिच्या घरात टिकल्या नाहीत म्हणून. अठ्ठावीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी. त्या क्षणी मला "अहो, काही नाही" इतकंही नीट म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "गाडीत गर्दी होती, पडली असेल." पडली असेल, आणि नेमकी कव्हरला जाऊन चिकटली असेल!

दादीला काय कळलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कधी वाटतं, म्हातारीला खरंच वाटलं असेल की टिकली पडली. कधी वाटतं, तिला पहिल्या मिनिटापासून सगळं ठाऊक होतं आणि तिने मला तिच्या परीने छडी मारली. विचारायची हिंमत झालेली नाही. पुढच्या शनिवारी मी टिकली लावून गेले, जरा मोठीच. त्या मोठेपणातही खोट होतीच.

आता यावर तुम्ही म्हणाल, बाई बदलल्या, छान झालं. थांबा. बदललेल्या बाई आणखीच असह्य होत्या. दोनेक महिन्यांत मी मुंब्र्याची प्रचारक झाले. जिथे तिथे सांगत सुटले: दादीचं सांदण, आपल्या फणसाच्या सांदणासारखं पण नारळाच्या दुधातलं, ती दादी "वड्याचं तेल वांग्यावर" कसं अचूक वापरते, रिक्षावाल्याने विसरलेली छत्री परत कशी आणून दिली. बहिणीला लांबलचक मेसेज लिहिला: "तिथेही आपल्यासारखीच माणसं राहतात." पाठवून झाल्यावर मीच तो वाचला आणि 'तिथेही'तल्या 'ही'वर थबकले. शुद्ध शब्दयोगी अव्यय. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. सगळी घाण त्या एका अक्षरात होती. 'ठाण्यातही आपल्यासारखीच माणसं राहतात' असं कोणी कधी लिहिलंय? आणि 'आपल्यासारखीच' नसती, तर? मुलीचे वडील माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोललेले नाहीत, त्यांची काही मतं मला मुळीच पटत नाहीत. म्हणून काय?

मुंब्रा स्वर्ग नाही. स्टेशनबाहेर चालायला जागा नाही, पावसात गटारं रस्त्यावर येतात, शेअर रिक्षावाला स्वतःच्या शेजारी चौथा माणूस बसवतो तेव्हा माझा जीव मुठीत असतो. भीती विचारताय ना? ही खरी भीती. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्या दिवशी चौघांचा जीव गेला. भावाचा फोन आला, "सांगत होतो ना, तो एरियाच तसा!" वळण रुळांचं, गर्दी आपल्याच बाजूने भरून आलेली, आणि दोष एरियाचा. मी त्याच्यावर ओरडले. त्यानंतर महिनाभर मात्र दारापासून लांब उभी राहिले, एवढं खरं.

आणि एवढी शूर असते, तर पुढचं लिहावं लागलं नसतं. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला गोळीबार झाला. डोंबिवलीतले तिघे गेले. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला मीही उभी होते. आजूबाजूला लोक जे बोलत होते ते ऐकत होते, आणि गप्प होते. त्या शनिवारी मी शिकवणीला गेले नाही. "बरं नाही" असा मेसेज केला. बरी होते. कोणी मला काही करेल असं वाटलं नव्हतं. दुपारी अडीचला पिशवी घेऊन निघालेली मी सोसायटीच्या गेटवर कोणाला दिसेन, याचं भय होतं. तुमचं भय, थोडक्यात. मुलीच्या आईचा उलट मेसेज आला: तब्येत सांभाळा, आणि खाली, "जो हुआ, बहुत ग़लत हुआ टीचर. माफ़ी." पुन्हा तिनेच. मी त्यावर अंगठा पाठवला. दुसरं काही लिहायला अर्धा तास बसले होते, मग अंगठा पाठवला.

त्याच्या पुढच्या शनिवारी गेले. कोणी काही विचारलं नाही. दादीने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुंब्र्यात मला भीती वाटत नाही. परतीच्या गाडीत, डोंबिवली जवळ येते तशी वाटते: आता शेजारीण विचारेल, आणि मी हसून विषय बदलेन. साडेतीन वर्षांत त्या घरी मी शंभराहून जास्त वेळा जेवले असेन. ती मुलगी माझ्या घरी एकदाही आलेली नाही. म्हणजे मी बोलावलं नाही. कारणं तयार असतात: तिचा अभ्यास, माझा गुडघा, तिकडे जाणं मलाच सोपं. सेक्रेटरी आता दुसरे आहेत, पण तो तिसऱ्या मजल्याचा फोन मीच केला होता, आणि गेटवरचा वॉचमन रजिस्टरमध्ये पूर्ण नाव लिहून घेतो.

यंदा ती दहावीला आहे. गेल्या शनिवारी सराव पेपर तपासून दिला, ऐंशीपैकी एकाहत्तर. 'ळ' आता माझ्याहून खणखणीत म्हणते. खूश होऊन म्हणाली, "टीचर, मे महिन्यात रिझल्ट लागला की पेढे घेऊन मी येईन तुमच्याकडे. पत्ता द्या."

मी लगेच म्हटलं, फार लगेच, "अगं, एवढ्या उन्हात तू कशाला येतेस? मीच येईन."

आतल्या खोलीतून दादी हसली. "ऊन डोंबिवलीतच पडतं काय गो बाय? मुंब्र्यात नाय?"