दापोलीची लाइट आणि आमचे गोल्डफिश

दापोलीत घरात फिश टँक ठेवायचा तर कुठले मासे आणायचे यापेक्षा लाइट गेल्यावर काय करायचं याचा विचार आधी करावा लागतो. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात वारं सुटलं की आंब्या-फणसाची फांदी तारांवर. मोठ्या लाइनवर झाड पडलं तर वायरमन बिचारे रेनकोट चढवून रानातून फॉल्ट शोधत हिंडतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले होते. आमची टाकी त्यानंतरची. मुलाच्या हट्टानं आणलेली, आणि मुलगा शिकायला पुण्याला गेल्यावर आपसूक माझ्या गळ्यात आलेली.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटर, वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा सोडून दीडशेच्या आसपास. आत सहा गोल्डफिश, त्यातले दोन आता चांगले वीतभर. गोल्डफिश दिसायला गरीब, पण खाणार भरपूर, घाण करणार भरपूर आणि त्यांना प्राणवायूही भरपूर लागणार. त्यात पाणी जितकं कोमट तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. आमच्याकडे मे अखेरीला टाकीतलं पाणी तिशी ओलांडतं आणि वळवाच्या पावसात लाइट जायला लागते तीही नेमकी तेव्हाच.

अशाच एका वळवाच्या रात्री साडेअकराला लाइट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून पच् पच् करत होते. मोठा पांढरा मासा कोपऱ्यात तिरका होऊन कल्ले फडफडवत होता. मी टाकीची काच बाजूला केली आणि स्टुलावर बसून मगनं पाणी उचलून हातभर उंचीवरून ओतत राहिले. प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत शिरतो, म्हणून पृष्ठभाग हलता ठेवायचा एवढंच गणित. एअर पंपाचे बुडबुडेसुद्धा मुख्यतः हेच काम करतात. ह्यांनी मध्ये उठून विचारलं, ‘‘अगं, झोपणार आहेस की नाही?’’ आणि मग स्वतःच दुसरा मग घेऊन आले. मासे वाचले. पण पावसाळा अजून चार महिने होता आणि आम्ही दोघंही नोकरी करणारी माणसं.

दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरच्या दुकानात गेले. दुकानदारानं टाकी केवढी, मासे कुठले, काहीच विचारलं नाही. ‘‘वहिनी, दीडशे एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर टाकून देतो. मासेही सुखी, तुम्हीही सुखी.’’ खर्च बावीस-तेवीस हजार. तसाही घरात इन्व्हर्टर घ्यायचाच होता, त्यामुळे मोह झाला. पण हिशेबाची वही ठेवायची सवय असल्यामुळे मी आधी घरी येऊन टाकीला काय काय लावलंय त्याची लेबलं वाचली. आतला मोटर फिल्टर १५ वॅट, एलईडी लाइट १८ वॅट, एअर पंप ४ वॅट. लाइट माशांना लागत नाही, ती आपल्याला बघायला. उरले १९ वॅट.

आता बॅटरीकडे बघा. एएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, म्हणजे एक वॅटची वस्तू १८०० तास चालेल एवढी वीज. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज जाते, तेव्हा हाताशी हजार-अकराशे धरायचे. त्यावर घरातले तीन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे आणि चार बल्ब ९ वॅटचे चालवले की २६१ वॅट झाले. म्हणजे जेमतेम चार तास. पंखे आणि बल्ब बॅटरी पिऊन टाकणार आणि १९ वॅटवाल्या टाकीला उरलंसुरलं मिळणार. लाइट अर्धा दिवस गेली तर सकाळी आम्ही घामाघूम आणि मासेही परत वर तोंड काढून. नुसती टाकीच इन्व्हर्टरवर ठेवली तर हीच बॅटरी दिवसभर सहज जाईल, कारण मग इन्व्हर्टर स्वतः खातो तेवढं आणि टाकीचे १९ वॅट, बस. पण मे महिन्यात कोकणात पंखा बंद ठेवून बॅटरी माशांसाठी राखा असं घरात सांगून बघा!

ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा यूपीएस माळ्यावर पडला होता. ६०० व्हीएचा, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. बॅटरी नवी टाकून लावून बघितला. फिल्टर आणि पंप दोन्ही लावले तर दोन-अडीच तासांत मान टाकतो, आणि तोवर दर काही सेकंदांनी बीप बीप करत राहतो. हॉलमध्ये झोपणाऱ्या सासूबाईंनी पहिल्याच रात्री ‘‘तो कुकर बंद करा’’ म्हणून हाक मारली. यूपीएस परत माळ्यावर.

जनरेटरचा विचार केलाच नाही. सोलरचा थोडा केला, पण जून ते सप्टेंबर दापोलीचं आकाश बघितलेल्या माणसाला त्यातली मेख सांगायला नको.

मुलाला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘आई, तू वॅट कमी कर ना, बॅटरी वाढवत कशाला बसतेस?’’ हे मात्र त्यानं बरोबर सांगितलं. चार वॅटचा एअर पंप एकटाच हवाही देईल आणि पाणीही गाळेल, असं काही हवं होतं. ते म्हणजे स्पंज फिल्टर. काळ्या स्पंजचा गोल तुकडा, मधून नळी. एअर पंपाची हवा नळीतून वर जाताना स्पंजमधून पाणी ओढून घेते. मोटर नाही, काही नाही. दिसायला अगदीच सुमार आहे, टाकीच्या कोपऱ्यात काळं काहीतरी उभं. पण माशांची घाण पचवणारे जिवाणू स्पंजमध्ये राहतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये काही तास पाणी थांबलं तर डब्यातला प्राणवायू संपून तेच जिवाणू मरू लागतात, आणि लाइट आल्यावर ते कुजकं पाणी सरळ टाकीत येतं. तसा फिल्टर असेल तर मोटर चालू करण्याआधी डब्यातलं पाणी ओतून टाकावं. स्पंज टाकीतच उघडा असल्यामुळे तो अशा वेळी जास्त तग धरतो.

दोन मोठे स्पंज फिल्टर आणले. जुन्या मोटरच्या आतला स्पंज टाकीच्या पाण्यात नव्यांवर पिळला, म्हणजे जिवाणूंचं विरजण लागलं. महिनाभर जुना मोटर फिल्टर आणि नवे स्पंज एकत्र चालवले आणि मग मोटर काढली. नव्या स्पंजवर लगेच भिस्त ठेवून जुना काढला असता तर पाण्यात माशांच्या घाणीचा अमोनिया वाढला असता. गरम पाण्यात तो जास्तच बाधतो.

इन्व्हर्टर घेतलाच, पण साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखीच वीज देणारा. स्क्वेअर वेव्ह स्वस्त पडतो, पण एअर पंप त्यावर गुरगुरतो आणि तापतो. दुकानात लावून ऐकलं म्हणून कळलं. एअर पंप पिशवीत घालून दुकानात नेला होता, त्याचं दुकानदाराला हसू आलं, पण दोन्ही इन्व्हर्टरवर पंप धरून आवाज ऐकल्यावर तोही म्हणाला, ‘‘फरक आहे खरा.’’

इन्व्हर्टर आल्यावर खरी अडचण वायरिंगची निघाली, तिच्याबद्दल आधी कोणी बोललंच नव्हतं. टाकीचा प्लग ज्या बोर्डवर होता तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. इलेक्ट्रिशियननं इन्व्हर्टरचा फेज त्या बोर्डला ओढला आणि न्यूट्रल जुनाच ठेवला. बटण दाबलं की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, फट्कन खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा असेल तर आरसीसीबीला वाटतं करंट कुठेतरी गळतोय. शेवटी पट्टी उघडून न्यूट्रलही वेगळा ओढला तेव्हा टिकला. जाताना तो म्हणाला, ‘‘ताई, ही वायर टाकीवरून सरळ प्लगमध्ये नेऊ नका, खाली एक झोळ द्या. पाणी ओघळलं तर झोळातून खाली पडेल, सॉकेटात जाणार नाही.’’ वायरीला झोळ द्यायला काही खर्च नाही, पण आमच्याकडच्या दमट हवेत तो प्रत्येक टाकीला हवाच.

दुसरी एक वीस-तीस रुपयांची वस्तू म्हणजे एकमार्गी व्हॉल्व्ह. पंप टाकीच्या खालच्या कपाटात असेल तर लाइट गेली की नळीतून पाणी उलटं पंपात येतं आणि मग जमिनीवर. नळी मध्येच कापून हा व्हॉल्व्ह बसवायचा. बाण पुसला गेला असेल तर तोंडानं फुंकून बघायचं. ज्या बाजूनं फुंकल्यावर हवा आरपार जाते ती बाजू पंपाकडे.

इथपर्यंत पंखे आणि टाकी एकाच बॅटरीवर होते. म्हणून दुसरी फळी लावली: पाच व्होल्टवर चालणारा छोटा यूएसबी एअर पंप आणि वीस हजार एमएएचची पॉवर बँक. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात ७४ वॅट-अवर लिहिलेलं असतं. पाच व्होल्टला येताना त्यातले साठेक हाताला लागतात. पंप दीड वॅटचा. म्हणजे चाळीस तासांपर्यंत! बावीस हजारांच्या इन्व्हर्टरला जमलं नसतं ते दोन हजारांत. तरी एक खोच आहे. काही पॉवर बँका करंट फार कमी ओढला गेला की मोबाइल फुल झाला असं समजून आपोआप बंद होतात. अर्ध्या वॅटचा अगदी चिमुकला पंप लावला तर हा धोका. म्हणून एका रविवारी सकाळी टाकीचा मुख्य पंप मुद्दाम बंद करून पॉवर बँकेवर सोडली. मासे नेहमीसारखेच तळाशी वाळू उकरत होते. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हाही बुडबुडे चालू होते. रात्री जेवताना थांबले.

लाइट नसताना माशांना खायला घालत नाही. धडधाकट मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. खाल्लं की मात्र प्राणवायूही जास्त लागतो आणि घाणही वाढते. शेजारच्या कॉलेजकुमाराकडे काचेच्या भांड्यात फायटर मासा आहे. तो मला म्हणतो, ‘‘काकू, तुम्ही उगाच एवढा घाट घातलात, माझा बघा लाइट नसली तरी मजेत.’’ बरोबरच आहे, फायटरला वरची हवा घेऊन श्वास घेता येतो. गोल्डफिशचं तसं नाही. वर येऊन तोंड उघडतो तेव्हा पृष्ठभागालगतच्या पाण्यात जो काही प्राणवायू असेल तेवढ्यावर तो दिवस काढत असतो.

परवाच्या जुलैत झाड पडून रात्र आणि पुढचा अख्खा दिवस लाइट नव्हती. इन्व्हर्टर पहाटे संपला, कारण सासूबाईंचा पंखा. मी उठून यूएसबी पंप लावला आणि चहा ठेवला. पण हा पंप हातानंच लावावा लागतो, आणि गणपतीत आम्ही चार दिवस गुहागरला असतो. त्यासाठी आता आत बॅटरी असलेला, लाइट गेली की आपोआप चालू होणारा एअर पंप आणलाय. त्याची बॅटरी काही तासच पुरते, आणि मधूनमधून प्लग काढून ती धड आहे ना हे बघावं लागतं. पण त्या काही तासांत किल्ली असलेला माणूस येऊन पॉवर बँक जोडू शकतो. किल्ली शेजारच्याच मुलाकडे दिली आहे. त्याला पंप लावायचा कसा ते दाखवलं, खायला घालायचं नाही हे दोनदा सांगितलं. तो आताशा येता-जाता विचारतो, ‘‘काकू, तुम्ही गावाला कधी जाणार?’’ माशांपेक्षा आमच्या वायफायवर त्याचा डोळा आहे असा ह्यांना दाट संशय आहे. असू दे. राउटरही इन्व्हर्टरवर आहे.