कॉम्प्रेशन किती आलं की इंजिन संपलं? तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, 1989 ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, आणि ती अजून रोजच्या वापरात आहे म्हटल्यावर जुनी गाडी असलेला कोणीही भेटला की एकच प्रश्न येतो: गाडीला पिकअप नाही, मेकॅनिक म्हणतोय इंजिन काम काढावं लागेल, काढू का? तर माझं उत्तर दरवेळी तेच असतं, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते, बघितलंत का? बहुतेक जण नाही म्हणतात. ज्यांनी बघितलंय ते एक आकडा सांगतात (psi मध्ये, म्हणजे दाबाच्या मापात), "शंभर आलं, म्हणजे संपलं ना?" आणि मग मला बसून सगळं सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी आमचं काय झालं ते. 2006 साली आम्ही पार्ल्याला राहायचो, गाडी आयडलला थरथरायला लागली, चढावर दम सोडायची. एका गॅरेजने नुसतं ऐकूनच सांगितलं की पिस्टनच्या रिंगा (हवा कडेने खाली जाऊ न देणाऱ्या) गेल्या, हाफ इंजिन, म्हणजे पिस्टन-रिंगांचं खालचं काम, करावं लागेल. बाबा रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, तरी बावीस हजार घातले, गाडी आली आणि थरथर जशीच्या तशी. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत नीट, ते मला अजून आठवतं. मग टॅक्सीची कामं करणारे एक म्हातारे मिस्त्री होते त्यांच्याकडे गेलो, त्यांनी इंजिनला पान्याचा हातही लावायच्या आधी चारही प्लग काढले आणि त्यांच्या भोकात दाब मोजायचं गेज लावून बसले. 130, 128, 70, 131. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घातलं आणि परत सेल्फ मारला, 73. म्हणाले, "पोरी, रिंगा चांगल्या आहेत याच्या, दुखणं वर आहे." हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं तर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप) कडेला जळलेला. टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला, गॅप उरलाच नव्हता, व्हॉल्व्ह पूर्ण बसायचाच नाही, आणि बसला नाही की त्याची उष्णता सीटमधून, म्हणजे तो ज्यावर टेकतो त्या कडेतून, हेडमध्ये जात नाही, मग तो जळतो. आधीच्या गॅरेजने खालचं सगळं नवीन करून हेड तसंच परत ठेवलं होतं. एक व्हॉल्व्ह, तो घासून बसवायची मजुरी आणि गॅस्केट (हेडखालचं सील) एवढ्यातच काम झालं.

त्या चमचाभर ऑइलमध्येच सगळी मेख आहे. ऑइल रिंगा आणि सिलिंडरच्या भिंतीमधली फट तात्पुरती बुजवतं, त्यामुळे आकडा चांगला उसळला तर हवा रिंगांवाटे खाली जात होती, आणि जागचा हलला नाही तर ती व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून जातेय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील, समजा दुसरा आणि तिसरा, तर आधी त्या दोघांमधल्या गॅस्केटवर संशय घ्यायचा. पण ऑइल खरंच चमचाभरच, जास्त ओतलंत तर ते वरची जागाच भरून टाकतं आणि आकडा खोटा वाढतो.

आता शंभराचं. एकटा आकडा काही सांगत नाही हो. प्रत्येक इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो) वेगळा, गेज वेगळं, सेल्फचा वेग वेगळा. 2014 ला आम्ही पुण्याला आलो आणि पहिल्यांदा बघितलं तर चारही आकडे 122 च्या आसपास, माझ्या पोटात गोळाच आला, मग लक्षात आलं की पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे हवाच सहा टक्क्यांच्या आसपास विरळ आहे, पिस्टन आत ओढणार तीच कमी. चौघंही सारखे उतरले होते म्हणजे गाडी ठणठणीत होती. बघायचं असतं ते चौघांमधलं अंतर. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक असेल तर मी इंजिन उघडत नाही, मग भले चारही थोडे कमी का असेनात.

आणि चारही खूपच कमी आले तर इंजिनाआधी स्वतःची पद्धत तपासा, हे मी कळकळीने सांगते, कारण इथेच लोकांचे पैसे जातात. बॅटरी उतरलेली असेल तर सेल्फ हळू फिरतो आणि सगळे आकडे पडतात. अॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरला नाही तर थ्रॉटल बंद, मग हवा येणार कुठून? एअर फिल्टरही काढून ठेवायचा. इंजिन गरम पाहिजे, चारही प्लग बाहेर पाहिजेत, एकेक काढून नाही. प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची बारीक वायर आधी काढा, कार्बोरेटरची गाडी असेल तर प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि तिथे ठिणगी उडाली तर काय होईल ते सांगायला नको. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पुरवठा पण बंद करायचा. मग सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरला सारखेच दणके (पिस्टनने हवा दाबली की एक), मी सहा घेते, आणि पहिल्या दणक्याला काटा कुठे गेला ते पण लिहून ठेवते. पहिल्याला कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर बरेचदा रिंगा असतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत खालीच राहिला तर व्हॉल्व्ह. प्लग परत बसवताना आधी हातानेच फिरवा, पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटा गेला तर ते नवीनच दुखणं.

महिनोन्महिने उभी असलेली गाडी असेल तर पहिल्या आकड्यावर निर्णय घेऊच नका. रिंगा कार्बनने चिकटलेल्या असतात, व्हॉल्व्हच्या सीटवर गंज धरलेला असतो. सुरू होत असेल तर पन्नासेक किलोमीटर फिरवून आणा आणि परत बघा. उलट आकडा पाहिजे त्यापेक्षा खूप वर आला तर खूश होऊ नका, आत कार्बन साठून जागा कमी झालेली असू शकते.

आणि व्हॉल्व्हच निघाला तरी लगेच हेड उतरवू नका. आधी टॅपेटचा गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा ठेवा, परत कॉम्प्रेशन घ्या. व्हॉल्व्ह जळायच्या आत पकडलंत तर तेवढ्यावरच भागतं, आमच्याकडे कोणी वेळेत बघितलं असतं तर तेच झालं असतं.

गेज स्वतःचं घ्या, प्लगच्या जागी आट्याने बसणारं, कारण रबराचं टोक हाताने दाबून धरायचं असतं आणि जरा हात सुटला की आकडा चुकतो. माझं डिकीतच असतं. पुण्यात असाल तर गाडी घेऊन या, रविवारी सकाळी मी घरीच असते, अर्ध्या तासात चारही आकडे कागदावर लिहून देते, तो कागद घेऊनच मेकॅनिककडे जा.